अर्धा कप चहा

सकाळी सातची गोळी घेतली की बाबा अर्धा-पाऊण तास खुर्चीत बसून राहतात. मेंदूत डोपामिन कमी पडतं, ते भरून काढणारी ही लेव्होडोपा. ती अंगात भिनेपर्यंत शर्टाचं एक बटण लागत नाही. मी हात पुढे केला की म्हणतात, "थांब रे, घाई कुणाला आहे?" घाई मलाच असते.

बाबांना पार्किन्सन्स आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं, ते थरथरीच्या नावाने. आमच्या घरात मात्र थरथरीपेक्षा थबकणं जास्त छळतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बाबांचे पाय जमिनीला चिकटतात. ओढलं तर तोल जातो. मग फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाऊल सुटतं. नाहीच सुटलं, तर मी टाळ्या वाजवत ठेका धरतो, "ग्यानबा-तुकाराम". उभ्या जन्मात वारीला न गेलेले बाबा त्या ठेक्यावर ओट्यापर्यंत येतात!

चहा सांडू नये म्हणून हल्ली कप अर्धाच भरतो. आज तो संपवून त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"उरलेला अर्धा कुठाय?"