पाणी रंगवायचं म्हणजे

ला ग्रनुयेर हे पॅरिसजवळ सीन नदीवरचं मौजेचं ठिकाण. तरंगतं उपाहारगृह, भाड्याच्या होड्या, डुंबायला आलेली शहरी माणसं. १८६९च्या उन्हाळ्यात क्लोद मोने आणि ऑग्युस्त रन्वार यांनी तिथे शेजारी शेजारी ईझल मांडली. दोघंही २८ वर्षांचे, दोघांचेही हात तंग. मोनेचं काम तर रंग संपले म्हणून अडून राही.

त्याचं तिथलं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. मधोमध चिमुकलं गोल बेट, त्यावर एक झाड आणि माणसांची गर्दी. पण नजर खिळते ती खालच्या पाण्यावर. रुंद, आडवे, जाड फटकारे. गडद रंगाला लागून फिका, एकमेकांत न कालवलेले. अगदी जवळ गेलं तर नुसता रंग दिसतो. चार पावलं मागे सरलं की पाणी हलू लागतं. माणसांना चेहरे नाहीत, आणि ते योग्यच आहे. लाटेवरचा उजेड टिपायला जेवढा वेळ मिळाला, तेवढाच त्यांच्याही वाट्याला आला.

उघड्यावर बसून रंगवण्याची रीत तशी जुनी. पण बाहेर व्हायची ती स्केचेस. चित्र पुरं व्हायचं ते स्टुडिओत. १८४१मध्ये रंगाची पत्र्याची ट्यूब आली आणि तैलरंग सोबत घेऊन हिंडणं सोपं झालं. चित्रकार दोबिन्यीने १८५७मध्ये होडीतच स्टुडिओ थाटला. तरी स्केच आणि चित्र यांच्यामधली भिंत उभीच होती, मोनेच्या मनातसुद्धा. मित्र बाझीयला लिहिलेल्या पत्रात तो ला ग्रनुयेरच्या चित्राचं स्वप्न सांगतो आणि हातून झालेल्या कामाला वाईट स्केचेस म्हणतो. मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. हाताला जे गवसलं होतं, ते मनाला पटायला अजून अवकाश होता.

पुढे सीनकाठच्या आर्जांतय गावी त्यानेही होडीचा स्टुडिओ केला. नजर पाण्याच्या पातळीला आली, काठ मागे पडला. आणि १८९६-९७मध्ये ‘सीनवरच्या सकाळी’ ही मालिका झाली. गिव्हर्नी गावाजवळ एप्त नदी सीनला मिळते, तिथे तो उजाडायच्या आत होडीतून जाऊन बसे. उजेड बदलला की कॅनव्हास बदले. या चित्रांत झाडांना आणि त्यांच्या प्रतिबिंबांना सारखीच जागा आहे. धुक्यात काठ कुठे संपला आणि पाणी कुठून लागलं, ते शोधूनही सापडत नाही. जाड फटकारेही गेले. रंग मऊ, थरावर थर चढलेले. क्षणाचा उजेड पकडायला महिनोन्‌महिने लागले.

यानंतर लोक थेट त्याच्या कमळतळ्याकडे वळतात, १९२७मध्ये पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात मांडलेल्या त्या विशाल चित्रांकडे. ती थोर आहेतच. तरी माझा ओढा या सकाळींकडे जास्त आहे. तळं त्याने स्वतः खणून घेतलं होतं, त्यातली कमळंही त्याच्या मर्जीने लावलेली. नदीवर त्याची मर्जी चालत नव्हती. १८९६मध्ये हवा बिघडली, काम अर्धवट टाकावं लागलं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा होडी लावावी लागली.