बांडगुळाचे पाहुणे

चैत्रात कोकणातल्या आमराईतून जाणारा माणूस मान वर करून चालतो, पण त्याचं लक्ष कैऱ्यांवर असतं. किती धरल्या, किती गळल्या. पक्षी आणि फुलपाखरं बघायची असतील तर त्याच झाडावर जाड, चामड्यासारख्या पानांचा एखादा उपरा झुबका शोधावा. हे बांडगूळ. बागायतदाराला ते नजरेसमोर नको असतं. हौशी निरीक्षकाला मात्र चैत्रात याहून चांगली जागा मिळणार नाही, असं माझं मत आहे.

वसंत म्हणजे फुलपाखरं, हे समीकरण आपल्याकडे थोडं उसनं आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना फुलपाखरांचा खरा सुकाळ पावसाळ्यात आणि त्यानंतर, साधारण श्रावणापासून कार्तिकापर्यंत. चैत्रात माळ वाळून गेलेला असतो, अळ्यांना कोवळा पाला मिळणं कठीण. पक्ष्यांचं उलट आहे. पांगारा, काटेसावर, पळस पानं झाडून फुलतात, त्यामुळे फांदीवर बसलेला पक्षी लपत नाही. भर दुपारी तांबटाची टुकटुक चालू असते. हळद्याला शोधावंही लागत नाही, तोच शीळ घालून आपला पत्ता सांगतो. फुलपाखरांच्या मागे मात्र जावं लागतं, आणि तेव्हा बांडगूळ उपयोगी पडतं. ते आंब्याच्या फांदीत मुळासारखा अवयव रुतवून पाणी आणि क्षार ओढतं, पण पानं हिरवी असल्यामुळे अन्न स्वतः तयार करतं. म्हणजे अर्धाच परजीवी. आंब्याची मुळं पाणी देत आहेत तोवर उन्हाळ्यातही ते टवटवीत.

त्याच्या नळीसारख्या शेंदरी फुलांवर शिंजीर येतात. मध पिताना परागकण त्यांच्या डोक्याला लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. फळांचं गिऱ्हाईक वेगळं: फुलटोच्या. जेमतेम आठ सेंटिमीटरचा, राखी-करड्या रंगाचा, रूपात काहीच नसलेला पक्षी. चिक् चिक् ऐकू आलं नाही तर तो आहे हेही कळणार नाही. फळाचा गर त्याच्या पोटात जातो, पण बी इतकं चिकट असतं की विष्ठेतून बाहेर पडतानाही ते सुटत नाही. मग तो अंग फांदीला घासून ते पुसतो. बीला हवी ती जागा नेमकी तीच. शिंजीर, फुलटोचे आणि कोकणातलं बांडगूळ यांच्या या देवघेवीवर सालीम अलींनी १९३१ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. इतक्या क्षुल्लक पक्ष्यासाठी त्यांनी वेळ काढला, याचं मला मोठ्या शोधांपेक्षा अधिक कौतुक वाटतं.

तिसरा पाहुणा म्हणजे हळदीकुंकू हे फुलपाखरू. वरून पांढरं, काळ्या शिरांचं. पंख मिटले की खालचा पिवळा रंग आणि कडेचे लाल ठिपके दिसतात. ते उंच शेंड्यांवरून सावकाश उडतं, घाई म्हणून नाही. भडक रंग ही पक्ष्यांना दिलेली सूचनाच असते, की चव वाईट आहे. त्याची मादी बांडगुळाच्या पानावर अंडी एकगठ्ठा घालते आणि अळ्या जमावानं पाला खातात. म्हणजे ज्या झुडपाला फुलटोच्या पसरवतो, त्याच्यावरच हे फुलपाखरू पोसलं जातं, आणि दोघांचं एकमेकांशी काही बोलणं नाही.

ब्लू मॉर्मनला २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळाला, ते चांगलंच झालं. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, त्यामुळे त्याची बाजू मांडणं सोपं. हळदीकुंकवाची बाजू घ्यायची तर बांडगुळाचीही घ्यावी लागते, आणि ते बागायतदारासमोर बोलणं अवघड आहे. बांडगूळ वाढलं की त्याच्या पुढची फांदी सुकते आणि उत्पन्न घटतं. नुसतं वरवर छाटलं तर पुन्हा फुटतं, म्हणून जोडाच्या खालून फांदीच तोडावी लागते. कर्ज काढून कलमं जोपासणाऱ्याला फुलपाखराचं कौतुक सांगायला मी धजणार नाही.

मग बांधावरच्या जुन्या रायवळ आंब्यावर, पडीक जागेतल्या झाडावर तेवढं राहू द्यावं, असा मधला मार्ग सुचतो. तो माझ्यासारख्या फिरस्त्याला सोयीचा आहे. फुलटोच्याला मात्र रायवळ आणि हापूस यांतला फरक कळत नाही. बांधावर खाल्लेल्या फळाचं बी तो पलीकडच्या कलमावर पुसून येईल. त्यावरून शेजारचा कलमवाला भांडायला आला, तर त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.