कुणाचं लेकरू?

बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याण तालुक्यात कोहिनूर हे गाव आहे. कलबुर्गीची हद्द इथून लांब नाही. या टापूतल्या मराठी घरातलं सात-आठ वर्षांचं पोर संध्याकाळी थोडा वेळ न्याहाळावं. घरात ते आजीशी मराठीत हट्ट करतं. गल्लीत गोट्यांवरून भांडण जुंपलं की दखनीत शिरतं, कारण समोरचा जोडीदार दखनी बोलणारा असतो. शाळेतल्या बाईंना ते कन्नडमध्ये उत्तर देतं आणि बसच्या कंडक्टरशीही कन्नडच बोलतं. कुणाशी काय बोलायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दखनीची शिकवणी कुणी लावत नाही. शाळेत कन्नड सुरू होते त्याच्या आधीच तिचे कितीतरी शब्द कानावरून गेलेले असतात.

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, तर बिदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात. सोयरीक, बाजार, जत्रा, दर्ग्याचा उरूस यांना ती वाटणी मानवली नाही. ते पूर्वीसारखेच सरमिसळ चालू राहिले आणि त्या सरमिसळीत वाढणारी मुलं आजही तीन भाषा सहज उचलतात. शेजार मुलाला किती खोलवर घडवतो, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे शोधायला नको.

पण ज्या वाटेने भाषा आत येते, त्याच वाटेने बाकीचंही येतं. आवाज कधी चढवायचा आणि कुणापुढे उतरवायचा, राग आला की ताट भिरकवायचं की गप्प बसायचं, बाईमाणूस बोलत असताना तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं की मधेच तोडायचं, हे मूल असंच शिकतं. गावात आठवड्याच्या हप्त्याचा दिवस असतो. फायनान्सवाला मोटारसायकल लावून दारात येतो. हप्त्याची जुळणी झालेली नसते. आई आतल्या खोलीत उभी राहते आणि पोराला दाराशी पाठवते, "सांग, आई रानात गेली म्हणून." पोरगं सांगतं. फायनान्सवाला त्याच्याकडे बघतो, आत बघतो आणि तिथेच कट्ट्यावर बसून राहतो. त्या दहा मिनिटांत पोर पुष्कळ काही शिकतं. खोटं बोलता येतं. मोठी माणसंही घाबरतात. कर्ज नावाची काहीतरी वस्तू आहे, जिच्यामुळे आईला स्वतःच्याच घरात लपावं लागतं. दुसऱ्या दिवशी शाळेत नेहमी खरे बोलावे हा धडा होतो. मूल तो पाठ करतं आणि परीक्षेत लिहितंही. आयुष्याचा धडा मात्र त्याने दाराशी घेतलेला असतो.

यात त्या आईला दोषी धरणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. तिने ते खोटं हौसेने शिकवलेलं नाही. घराचे संस्कार म्हणून आपण ज्याला म्हणतो, त्यातला मोठा भाग घराबाहेर ठरतो. पाऊस किती झाला, तुरीला काय भाव मिळाला, मजुरी वेळेवर हातात पडली का, दारूचं दुकान किती जवळ आहे, हे सगळं उंबरा ओलांडून आत येतं आणि आईबापांच्या वागण्यातून मुलापर्यंत पोचतं. म्हणून घर आणि शेजार असे दोन वेगळे कप्पे करता येत नाहीत.

या भागात अनोळखी पोर दिसलं की पारावरचं म्हातारं माणूस हमखास विचारतं, "कुणाचं रे लेकरू तू?" या एका प्रश्नात शेजाराची सगळी ताकद आहे आणि त्याचं सगळं विषही.

आधी ताकद पाहू. शाळेच्या वेळेत विहिरीच्या काठावर दिसलेल्या पोराला हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याचा अर्थ असतो की तुझ्यावर आमचं लक्ष आहे, घरी निरोप जाईल. शिकागोमध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ रहिवाशांना जवळपास हेच विचारलं होतं. मुलं शाळा बुडवून नाक्यावर उभी असतील, भिंती रंगवून खराब करत असतील, मोठ्यांशी उद्धट वागत असतील, तर तुमचे शेजारी मध्ये पडतील का? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, जिथे लोकांचा एकमेकांवर विश्वास आहे आणि दुसऱ्याच्या मुलासाठीही मध्ये पडण्याची तयारी आहे, तिथे हिंसा कमी आहे. वस्तीची गरिबी हिशेबात धरल्यावरही हा फरक उरला. गरीब वस्ती म्हणजे बिघडलेली वस्ती हे समीकरण त्यामुळे लंगडं पडतं. आपल्या खेड्यांत ही तयारी पिढ्यान्‌पिढ्या होती. कुणाच्याही काकाने कुणाच्याही पोराचा कान धरावा आणि आईने त्या काकालाच चहा द्यावा, इतका तो व्यवहार सरळ होता.

आता विष. तोच प्रश्न, तोच पार, तेच म्हातारं माणूस. मुलाने बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गल्ली सांगितली की विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. तांड्यावरचं आहे काय? त्या वाड्यातलं आहे काय? मग पाणी द्यायचं तर वेगळ्या भांड्यात, बसायला सांगायचं तर पायरीखाली. मुलाला यातलं कुणी समजावून सांगत नाही. पण पुढच्या वेळी ते स्वतःहूनच पायरीखाली बसतं. त्याच्याबरोबर खेळणारं, वरच्या गल्लीतलं मूलही त्याच क्षणी शिकतं की आपण पायरीवर बसायचं. शेजाराने दोघांनाही घडवलं आणि दोघांचंही नुकसान केलं.

खाण तशी माती ही म्हण घरात उच्चारली तर ती एखाद्याचं मन दुखावते. तिचा कायदा झाला तेव्हा लाखो माणसं त्याखाली चिरडली गेली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हा तसा कायदा होता. अमुक जमातीत जन्मला म्हणून गुन्हेगार, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं जाई आणि त्यांची हजेरी घेतली जाई. त्या भागाला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून वेगळी काढून सुधारगृहात ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. गुन्हा रक्तात असतो असं मानायचं आणि वातावरण बदललं की मूल सुधारेल असंही मानायचं, ही त्या कायद्यातली विसंगती होती. राज्यकर्त्यांना वातावरणाचं महत्त्व कळत होतं. त्यांनी उपाय मात्र मूल उपटून काढण्याचा केला. त्या वस्तीला जमीन, काम आणि मान देण्याचा विचार त्यांना सुचला नाही. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.

त्या कायद्याचं उत्तर याच पट्ट्यातून आलं. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड उचल्या जमातीत वाढले. ‘उचल्या’ या त्यांच्या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलिसांच्या माराला मूल बळी पडू नये म्हणून त्याला लहानपणीच मार खायची सवय लावली जाते, हे त्यात वाचताना अंगावर काटा येतो. चोरी तिथे एखाद्या पारंपरिक धंद्यासारखी शिकवली जात होती, आणि जे शिकवावं लागतं ते रक्तात नसतं. वडिलांनी या मुलाला शाळेत घातलं. घरातल्या एका माणसाने वेगळं पाऊल टाकलं आणि मुलाची वाट फुटली. वातावरणाची पकड किती घट्ट असते आणि ती कुठे सैल होऊ शकते, या दोन्ही गोष्टी त्या एका पुस्तकात आहेत.

मूल उपटून काढायचं नसेल तर काय करायचं, याचं उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कामातून दिलं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नव्हती. त्यावर मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना नावं ठेवण्याऐवजी ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. शिंपले, बिया, पानं, खडे ही शिकवण्याची साधनं झाली. अंगणात शाळा भरली की मुलाबरोबर आईही बघते, आजीही बघते, धाकटं भावंड रांगत येऊन बसतं. मुलाबरोबर त्याचं वातावरणही शिकू लागतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. आज आपल्या गावातल्या अंगणवाडीकडे खिचडीचं केंद्र म्हणून पाहणाऱ्यांनी तिच्यामागचा हा विचार आठवावा.

कोहिनूरच्या परिसरातली कितीतरी घरं सुगी संपली की पुण्या-मुंबईकडे, हैदराबादकडे बांधकामावर जातात. मुलं एक तर बरोबर जातात आणि शाळा तुटते, किंवा आजीजवळ राहतात आणि आईबाप फोनवर भेटतात. अशा मुलांबद्दल बोलताना आपण चटकन हात टेकतो. हवाईच्या कावाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, आईबापांची भांडणं, व्यसन, आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, समर्थ, दुसऱ्याची कदर करणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी मोठं माणूस खंबीरपणे उभं होतं. ते आईवडीलच होते असं नाही. कुणाची आजी होती, कुणाची थोरली बहीण, कुणाचा शेजारी, कुणाची शिक्षिका. म्हणजे घरच्या परिस्थितीचा लेख अटळ नाही. तो बदलायला एक माणूसही पुरतं, पण ते माणूस टिकून राहावं लागतं.

म्हणून दुसऱ्याच्या मुलासाठी थांबणाऱ्या माणसाची किंमत मोजता येत नाही. आजीला अक्षर येत नसेल तर शेजारची मुलगी संध्याकाळी अर्धा तास बसू शकते. कर्नाटकात मजुरीवर जाणाऱ्या आयांच्या बाळांसाठी ग्रामपंचायतींनी कूसिन मने ही पाळणाघरं सुरू केली आहेत. ग्रामपंचायतीच्या वाचनालयांत ६ ते १८ वयाच्या मुलांना फी न भरता सदस्य होता येतं. या सोयी आपल्या गावात चालू आहेत का, तिथे मराठी पुस्तकं आहेत का, तांड्यावरची मुलं तिथवर पोचतात का, हे विचारणं शेजाऱ्याचं काम आहे. सरकार खोली देऊ शकतं. त्या खोलीत कुणाच्या मुलाला कसं वागवलं जातं, हे गाव ठरवतं.

आणि हे ठरवण्याचा वारसा याच मातीत आहे. बाराव्या शतकातलं कल्याण म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथल्या अनुभव मंटपात नावाडी, धोबी, चांभार आपापल्या व्यवसायासकट बरोबरीने बसत, अशी परंपरा सांगते. बसवण्णांच्या एका सुप्रसिद्ध वचनाचा रोखच माणसाला कुणाचा म्हणून विचारून परका ठरवण्यावर आहे. आलेल्याला घरचा मानावं, ही त्यातली विनवणी आहे. बसवजयंतीला मिरवणूक काढणाऱ्या गावाला ही विनवणी पाळायला परवानगी कुणाची लागत नाही.

कर्नाटकात ग्रामपंचायतींनी मक्कळ ग्रामसभा, म्हणजे मुलांची ग्रामसभा भरवायची असते. मुलं उभी राहतात. शाळेच्या शौचालयात पाणी नाही, वाटेवर दारूचं दुकान आहे, पावसात तांड्याचा रस्ता बंद होतो, असं सांगतात. मोठी माणसं माना डोलावतात, टाळ्या होतात, बिस्किटं वाटली जातात. मुलं पुढचे कित्येक दिवस बघत असतात की नळाला पाणी आलं का. आलं, तर सांगितल्याने बदलतं आणि गाव आपलं आहे, हे त्यांना कळतं. आलं नाही, तर बोलण्यात अर्थ नसतो हे ती पक्कं शिकतात, आणि मोठेपणी ती गप्प राहिली की आपणच विचारतो, हल्लीच्या पोरांना गावाची पर्वा कशी नाही?