वाट सोडण्याचा अधिकार

बापाने आपल्या हौसेपायी मुलाला संकटात न्यावे काय? आइसलंडमध्ये ऐन हिवाळ्यात पितापुत्र स्नेह्यांच्या मोटारींसह रस्ता सोडून हिमावर जातात, तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही. कारण संकट निवडतो बाप, भोगावे लागते मुलालाही. परंतु त्या खेळाचे नियम पाहावे. उघड्या भूमीवर रस्त्याबाहेर मोटार नेण्यास तेथील २०१३ चा निसर्गसंरक्षण कायदा मनाई करतो, कारण चिरडलेले शेवाळ भरून येण्यास दशके लागतात. भूमी गोठून हिमाखाली गेली म्हणजे मोकळीक. मऊ हिमात जोर करणारी गाडी रुतते. टायरांतील हवा सोडली म्हणजे भार पसरून ती तरते. एकाची रुतली तर सारे थांबतात. हा संयम ज्याला साधतो, आणि वादळ दिसताच जो मुलादेखत गाडी माघारी वळवितो, त्याच पित्याला मुलाला सोबत नेण्याचा अधिकार पोहोचतो.