हात जायबंदी झाला, मग छंदाचे काय?



अमेरिकेत हाताला मोठी इजा व्हायला कारखान्यात असावे लागत नाही. थंडीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना स्नोब्लोअर तुंबतो, माणूस तो हाताने मोकळा करायला जातो आणि बोटे पात्यात सापडतात. तळघरातल्या करवतीवर हात घसरतो. अ‍ॅव्होकॅडोची बी काढताना सुरी थेट तळहातात शिरते. मग शस्त्रक्रिया होते, स्प्लिंट येतो, ऑफिसचे काम एका हाताने कसेबसे सुरू होते. पण तुमच्यापैकी कुणी ढोलकी वाजवत असेल, कुणी चित्रे काढत असेल, कुणी मागच्या अंगणात मेथी-मिरचीचे वाफे सांभाळत असेल, तर त्याचे पुढे काय, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेले नसते. भेटायला येणारे आपलेच लोक म्हणतात, "जीव वाचला ना? छंदाचे काय घेऊन बसलात!" एखादा जाणकार त्याला धम्माची जोड देतो: सगळे अनित्य आहे, आसक्ती सोडा.

हा सल्ला मला पटत नाही. तो चांगल्या मनाने दिलेला असतो, तरीही.

आधी छंद क्षुल्लक का नाही, ते पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातांनी काय करायचे, हे दुसऱ्यांनी ठरवलेले होते. गावच्या मिरवणुकीत वाजवण्याचे कामसुद्धा कित्येकांच्या वाट्याला सक्तीने आले. वाद्य तेच, पण तो छंद नव्हता. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात यंत्रांची बाजू घेतली, ती याच मुद्द्यावर: माणसाला पशूच्या जिण्यातून बाहेर पडायचे तर फुरसत हवी, फुरसतीशिवाय संस्कृती नाही. आणि ते स्वतः आयुष्याच्या उत्तरार्धात, कामाचा डोंगर आणि आजारपण असताना, व्हायोलिन शिकत होते. त्यांना कुठे मैफल करायची होती? ज्या हाताला स्वतःच्या मर्जीचे काम मिळायला इतक्या पिढ्या लागल्या, त्या हाताचा छंद "सोडून द्या" म्हणणे इतके सोपे नसावे.

आता आसक्तीचे. मराठीतला "छंद" आणि पालीतला "छंद" हे एकाच मुळाचे शब्द. पालीत छंद म्हणजे करण्याची इच्छा, ओढ. तिची दोन रूपे आपण वंदना-प्रवचनांत ऐकतो. कामच्छंद हे पाच नीवरणांतले पहिले, वाटेत आडवे येणारे. पण चार इद्धिपादांची यादी उघडा, तिथेही पहिले नाव छंदाचेच आहे, विरियाच्या आधी. म्हणजे बुद्धांनी ओढ सरसकट मोडीत काढलेली नाही. ती कुठे नेते, हे पाहायला सांगितले आहे.

तर हात बांधलेला असताना स्वतःला विचारून पाहा: मला नेमके काय सलते आहे? "जयंतीच्या कार्यक्रमात माझ्या जागी दुसरा बसणार", "पूर्वी माझा हात कसा चालायचा" हे सलत असेल, तर ती ढोलकीची ओढ नाही. ती जुन्या "मी"ची ओढ आहे. सल्लसुत्तातला दुसरा बाण तो हाच. पहिला बाण शरीरात रुततो, दुसरा आपण स्वतःच्या मनात मारून घेतो. पण ठेका कानावर पडताच मन ताजे होत असेल, तर ती ओढ सोडायचे काहीच कारण नाही. खरे तर ही दोन्ही माणसाच्या मनात एकत्रच असतात, आणि वेगळी करायला वेळ लागतो.

कुणी फोनवर "मागच्या जन्मीचे भोग" म्हणालेच, तर संयुत्त निकायातला मोळियसीवक आठवा. सगळी सुख-दुःखे पूर्वकर्माने होतात का, या त्याच्या प्रश्नावर बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतू, आबाळ, मार अशी साधी कारणे मोजून दाखवली. स्नोब्लोअरचे पाते यात बसते.

छंद आणि बरे होणे यांचा संबंध या देशाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखला. जॉर्ज बार्टन नावाचा वास्तुविशारद क्षयाने खंगलेला होता, डाव्या अंगाला पक्षाघात झालेला. त्याने बागकाम, सुतारकाम असले उद्योग स्वतःवरच करून पाहिले. त्याच्या न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्जच्या घरी मार्च १९१७ मध्ये मोजकी मंडळी जमली आणि ऑक्युपेशनल थेरपीची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज तुमच्या बोटांना व्यायाम देणारे हँड थेरपिस्ट बहुतांशी त्याच परंपरेतले. म्हणून पहिल्याच भेटीत त्यांना सांगा, "मी हार्मोनियम वाजवतो." संकोच करू नका. विम्यात थेरपीच्या भेटी बहुधा मोजक्याच असतात. त्या कशासाठी वापरायच्या, हे त्यांना कळायला हवे.

उपचाराचे तंत्रही ऐकण्यासारखे आहे. बोटे वाकवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटून शिवलेली असेल, तर पहिले काही आठवडे तिच्यावर जोर आला की टाके तुटू शकतात. हात अजिबात हलवला नाही, तर ती आजूबाजूला चिकटून बसते. चालताना पाय रक्ताळेपर्यंत साधना करणाऱ्या सोण भिक्खूला बुद्धांनी त्याच्याच वीणेच्या तारांची आठवण दिली होती: फार ताणली तरी वाजत नाही, सैल सोडली तरी नाही. सोण घरी असताना वीणा वाजवायचा. त्याचा जुना छंदच तिथे कामी आला. मज्जातंतू कापला गेला असेल, तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत स्पर्श परतायला सहा-सहा महिने लागतात, आणि तोही पूर्ण परतेलच असे नाही. अनित्यता म्हटले की आपण फक्त गमावणे मोजतो. हा मिलिमीटरही अनित्यतेतलाच.

हात पूर्ववत झाला नाही तर? पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची दोन बोटे १९६०च्या दशकात आत वळू लागली. ती इजा नव्हती, मज्जासंस्थेचा विकार होता. पण वादकाच्या दृष्टीने हात गेलाच. त्यांनी डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या, वाद्यवृंद चालवले, बाल्टिमोरच्या पीबॉडी संस्थेत शिकवले. दोन्ही हातांनी ते पुन्हा वाजवू लागले तेव्हा तीसेक वर्षे उलटली होती. मधल्या काळात ते संगीताबाहेर होते, असे कोण म्हणेल?

मंडळातल्या बाकीच्यांसाठी एक विनंती. १४ एप्रिलच्या तालमी सुरू झाल्या की स्प्लिंट घातलेल्या ढोलकीवाल्याला विश्रांतीच्या नावाखाली वगळू नका. ठेका तोंडाने म्हणून देता येतो, आणि मुलांची चुकलेली मात्रा त्याच्या कानाला आधी कळते. "कधी बरे होणार?" असे दर वेळी विचारू नका. त्याला घरून आणायला कुणाची तरी गाडी ठरवा. एका हाताने इथे हायवेवर गाडी चालवणे धोक्याचे आहे, आणि हे तो स्वतःहून सांगणार नाही.