उंबरठ्याच्या आतली हवा

गेल्या पावसाळ्यात आमच्या मातोश्रींचा खोकला काही केल्या हटेना, म्हणून आम्ही त्यांस येथील एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी छाती तपासली, एका नळीत जोराने फुंकावयास लावले आणि कागदावर लिहिता लिहिता गुजरातीत सहज विचारले, "बा, पूर्वी कधी बिडी ओढत होता काय?" मातोश्रींना हसू आवरेना. ज्या बाईने उभ्या जन्मात चहाखेरीज दुसरे व्यसन केले नाही, तिला हा प्रश्न! डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढे विचारले, "मग चुलीपुढे किती वर्षे बसलात?" त्यावर मातोश्री गप्प झाल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. माहेरची धरून तीस वर्षे भरली.

आमचे कुटुंब १९९३ साली गोव्याहून सुरतेस आले. तोवरचा त्यांचा संसार गावच्या घरातल्या चुलीवर झाला. मातोश्रींच्या बोलीत स्वयंपाकघर म्हणजे रांदचीकूड आणि धूर म्हणजे धुंवर. तिथे खिडकी होती, परंतु हातभर. नारळाची सोडणे, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या हे सरपण. पावसाळ्यात तेही दमट. फुंकणीने फुंकर घालावी, जाळ धरेपर्यंत डोळे पुसावे, आणि धरला की भाताचे आधण ठेवावे. त्या धुरास अगदीच निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. छपराच्या वाशांना त्याच्यामुळे वाळवी लागत नसे, माळ्यावरचे जिन्नस कोरडे राहत, डासही दूर राहत. घरातील प्रत्येक वस्तूस तो धूर मानवत होता. मानवत नव्हता तो केवळ चुलीपुढे बसलेल्या बाईला. आणि तिला कोणी विचारले नव्हते.

ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानी फार उशिरा आली असेही नाही. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते की, फुप्फुसांच्या जुनाट विकाराने हृदयाची उजवी बाजू निकामी झालेल्या रुग्णांत धूम्रपान क्वचितच करणाऱ्या स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत, आणि त्याच्या मुळाशी चुलीचा धूर असावा. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह याच गुजरातच्या खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच मोजणीचे यंत्र बांधून त्या काय श्वासात घेतात ते मोजले. तोपर्यंत हवा मोजावयाची ती गिरणीच्या धुरांड्याजवळ किंवा चव्हाट्यावर, अशीच समजूत होती. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे एका वर्षात, म्हणजे २०२० साली, जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मेली. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असे जे कण असतात, ते नाकाच्या केसांत अडकत नाहीत, खोकल्याने बाहेर पडत नाहीत. फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि काही तर रक्तातही उतरतात.

हे सर्व वाचून आम्ही प्रथम सुटकेचा निःश्वास टाकला. का, तर आमच्या घरी आता चूल नाही. नळाने येणारा गॅस आहे. परंतु तो निःश्वास ज्या हवेत टाकला, तिचा विचार करताच आमचे समाधान टिकले नाही. गॅसची ज्योत निळी दिसली तरी तिच्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतेच. कढईतले तेल तापून धुरावले, मिरचीची फोडणी पडली, की बारीक कणांचा लोट उठतो. संध्याकाळी देवापुढे चार उदबत्त्या आणि कापूर. रात्री डासांसाठी वेटोळ्याची बत्ती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असे एक वेटोळे जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे आढळले होते. आणि खिडक्या? त्या आम्ही रस्त्याच्या धुळीसाठी आणि वाहनांच्या धुरासाठी घट्ट लावून घेतलेल्या. बाहेरची घाण आत येऊ नये म्हणून आम्ही आतली घाण आत कोंडली होती.

एक कबुली येथे दिलीच पाहिजे. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत धूर बाहेर ओढणारा पंखा आहे. तो गेली कित्येक वर्षे बंद होता. मोडला होता म्हणून नव्हे. त्याच्या घरघरीने संध्याकाळच्या आमच्या वाचनात व्यत्यय येई, म्हणून "तेवढा पंखा बंद करा" असे आम्हीच सांगितले होते, आणि पुढे कोणी तो लावलाच नाही. पक्षकारांचे कागद वाचावयाचे, तर शांतता हवी. त्या शांततेची किंमत पलीकडच्या खोलीत दोन बायका आपल्या छातीने भरीत होत्या.

सुरतेच्या माणसाने तरी ही चूक करावयास नको होती. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे फुप्फुसाच्या प्लेगाची आवई उठली, तेव्हा आम्ही शाळकरी होतो. श्वासाने पसरणारा रोग, या एका शब्दाने लाखो माणसे गाड्यांच्या टपांवर बसून शहर सोडून गेली. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त आले आणि पाहता पाहता या शहराचे उकिरडे उठले, गटारे वाहती झाली, गलिच्छ म्हणून हिणवलेले गाव स्वच्छतेसाठी नावाजले गेले. परंतु झाडू फिरला तो डोळ्यांस दिसणाऱ्या घाणीवर. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुरानंतरही तसेच झाले: चिखल आठवडाभरात निघाला, पण भिंतींत मुरलेली ओल आणि तिच्यावर धरलेली काळी बुरशी कित्येक घरांत पुढचे दोन पावसाळे राहिली. तिचा वास येत होता. परंतु वासाची तक्रार घेऊन कोण कोणाकडे जाणार?

येथे आमचा व्यवसाय आड येतो. कायद्यात याला काही उत्तर आहे का, हे शोधल्याशिवाय वकिलास झोप येत नाही. स्वच्छ हवा हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार खटल्यात सांगितले. मुरली देवरांच्या अर्जावर २००१ साली त्याच न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी घातली. हवा आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास शिक्षाही आहे. पूर्वी ती दंडसंहितेत होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० मध्ये आहे. पण त्या कलमाचे शब्द नीट वाचावे. शेजारी राहणाऱ्यांस, तेथे धंदा करणाऱ्यांस, सार्वजनिक वाटेने जाणाऱ्यांस अपाय होईल अशी हवा बिघडविणे, हा गुन्हा. घरातल्यांचा त्यात उल्लेख नाही. केंद्र शासनाने २००९ साली सूक्ष्म कणांची जी वार्षिक मर्यादा ठरविली, घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तीही बाहेरच्या हवेसाठी. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ च सांगते, ती गोष्ट निराळी. तात्पर्य, कायदा उंबरठ्यापाशी येऊन चपला काढतो आणि तिथेच उभा राहतो. त्याने आत यावे, असे आम्हांसही वाटत नाही. फोडणीवर फौजदार नेमणारे राज्य कोणास हवे आहे? मात्र जिथे कायदा थांबतो तिथे जबाबदारीही थांबते, असा सोयीचा समज आपण करून घेतो, आणि तो मात्र साफ खोटा आहे.

कोणी म्हणेल, घरातल्यांची या हवेस संमती असतेच; नसती तर त्या बोलल्या नसत्या काय? हा बचाव आम्हांस ओळखीचा आहे. इंग्लंडात १८९१ साली स्मिथ विरुद्ध बेकर हा खटला उमरावांच्या सभागृहापर्यंत गेला. एक मजूर खडक फोडीत असे, आणि त्याच्या डोक्यावरून यारीने दगड नेले जात. एके दिवशी दगड पडला. मालक म्हणाले, धोका त्याला ठाऊक होता, तरी तो काम करीत राहिला, म्हणजे त्याची संमतीच होती. न्यायाधीशांनी हे मानले नाही. धोका ठाऊक असणे वेगळे, तो पत्करणे वेगळे. मातोश्रींना धुंवर ठाऊक होता. तीस वर्षांत त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही, यावरून त्यांनी तो पत्करला होता असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? घराची हवा एक असते; परंतु खिडकी कुठे ठेवावी, सरपण कोणते आणावे, पंख्यावर पैसा खर्चावा की नाही, हे ठरवितो एक आणि त्या हवेत दिवस काढतो दुसरा. ठरविणाऱ्याच्या माथी ते ऋण आहे, मग समोरचा मागो अथवा न मागो.

आता नाजूक भागाकडे येऊ. हा विचार आम्ही आमच्या समाजातील काही वडीलधाऱ्यांपुढे मांडला, तेव्हा एक सद्गृहस्थ दुखावल्या स्वरात म्हणाले, "म्हणजे देवाच्या धुपालाही तुम्ही प्रदूषण म्हणणार?" प्रश्न रास्त होता. पंचोपचारांत धूप आहे. तो गाळा असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण फुप्फुस हे भक्तीचा धूर आणि व्यसनाचा धूर असा भेद करीत नाही, यालाही आमचा इलाज नाही. शिवाय धूप हा हुंगविण्याचा उपचार आहे, कोंडण्याचा नव्हे. पूर्वी धुपाटणे घरभर फिरवून ओसरीवर, तुळशीपाशी नेत. तुळस अंगणात होती, आणि सांजवातही तिच्यापुढे उघड्यावर जळे. आज तुळस सदनिकेच्या खिडकीच्या गजांत आली, देवघर भिंतीतल्या कपाटात आले, आणि उदबत्त्यांची संख्या मात्र वाढली. (खोलीत कुंडी ठेवली की हवा शुद्ध होते, असे कोणी सांगितल्यास त्यावर फार विसंबू नये. खिडकी उघडल्याने जे होते ते कुंड्यांनी होत नाही.)

घरी हा विषय काढण्याचे आम्ही पंधरा दिवस टाळले. शेवटी भीत भीत मातोश्रींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अरे, देवाला वस्त्र नसलं तर आपण अक्षता वाहतो, दागिना नसला तर अक्षता वाहतो. मग धुपाला नाही का चालणार? सणाला लावू एक उदबत्ती, खिडकी उघडून." आम्ही मनात केलेला सगळा युक्तिवाद वाया गेला.

त्यानंतर घरात जे बदल झाले ते फारसे सांगण्यासारखे नाहीत. पंखा धुऊन पुसून सुरू केला. तो फोडणीच्या आधी लागतो आणि गॅस बंद झाल्यावर थोडा वेळ चालू राहतो. वाचन आम्ही पुढच्या खोलीत नेले. वेटोळ्याऐवजी मच्छरदाणी आली. समोरासमोरच्या खिडक्या दुपारी, रस्ता निवांत असताना, उघडतात. केर कोरडा न उडवता फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते. न्हाणीघरातला गॅसचा बंब मात्र आम्ही त्याच आठवड्यात काढविला, कारण बंद खोलीत त्याच्यातून साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो माणसास खोकण्याचीही सवड देत नाही.

परंतु त्या दोन बायकांपैकी दुसरीचे काय? आमच्याकडे स्वयंपाकास येणाऱ्या मावशी नंदुरबारकडच्या. राहतात लिंबायतेत, एका खोलीत. तिथेच खाट, तिथेच शेगडी, आणि मागावर रात्रपाळी करून आलेला नवरा तिथेच दिवसा झोपतो. सरकारी योजनेतील गॅसची टाकी त्यांच्याकडे आहे. ती महिना महिना रिकामी असते, मग दाराआड विटांची चूल पेटते. आमच्या पंख्याचा विषय निघाला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "वहिनी, इथं दोन तास बरं वाटतं."

त्या दोन तासांवर हिशेब मिटवावा, असे काही दिवस आम्हांस वाटले. मग मिटवता येईना. गेल्या महिन्यापासून टाकीची रक्कम त्यांच्या पगारात धरली आहे. निराळी देणगी म्हणून दिली असती, तर ती केव्हाही बंद करण्याची मुभा आमच्याकडे राहिली असती. पगार हातात घेऊन मावशींनी विचारले, "वकीलसाहेब, मग विटा काढून टाकू का?" टाकी वेळेवर आली नाही तर दोन दिवस पोरांना काय घालणार, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही म्हटले, राहू द्या तूर्त.