विकतचा प्रबंध आणि वर्गातला प्रश्न

विषय कळवा आणि सोनेरी अक्षरांच्या बांधणीसह लघुशोधप्रबंध घेऊन जा, अशा आशयाच्या ज्या जाहिराती शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून या आठवड्यातही फिरल्या, त्या देणाऱ्यांपेक्षा त्यांना मिळणारा ग्राहक अधिक अस्वस्थ करणारा आहे. कारण हा ग्राहक शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवणाऱ्या मुलाला रोज शिक्षा करणारा शिक्षकच असतो. वेतनश्रेणीसाठी कागद लागतो, सगळेच असे करतात, ही कारणे उत्तर देण्याच्याही योग्यतेची नाहीत. वेळ नाही, हे कारण मात्र इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते की त्याची तपासणी करणे भाग आहे.

शिक्षकावरचा भार खोटा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकाला देण्याची मुभा ठेवली आहे, आणि पोषण आहाराच्या नोंदी त्याशिवाय आहेत. तथापि शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ज्या कृतिसंशोधनाला स्थान आहे, ते म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या वर्गातील अडचण हेरून, उपाय योजून, त्याचा परिणाम स्वतःच तपासणे होय. स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये या विषयावरील ग्रंथ लिहिला, तो शाळेतील माणसांनीच आपले काम अभ्यासावे यासाठी. म्हणजे ज्या कामाला वेळ नाही असे सांगितले जाते, त्याचे क्षेत्र शिक्षक दररोज उभा असतो तो वर्गच आहे; तेथे तो पगार घेऊन हजर असतो, मुले हजर असतात, वह्या टेबलावर असतात. तरीही त्या मुलांविषयीचे निष्कर्ष, ज्याने त्यांना कधी पाहिलेले नाही अशा माणसाकडून लिहून घेतले जातात. आपल्याच लेकराच्या तापाचा तक्ता परगावच्या अनोळखी माणसाने अंदाजाने भरावा, तसा हा प्रकार आहे. अशा प्रबंधांत उपायाआधीच्या पूर्वचाचणीत मागे असलेली सर्व मुले उपायानंतरच्या उत्तरचाचणीत हमखास पुढे गेलेली असतात. सोनेरी अक्षरांच्या आत एकही उपाय कधी फसत नाही, आणि ज्याचा उपाय कधी फसला नाही त्या शिक्षकाने वर्गात काही करून पाहिले, यावर विश्वास ठेवता येत नाही.

खरा अभ्यास फसण्यातूनच पुढे सरकतो. चौथीची मुले जोडाक्षरांवर अडखळतात, म्हणून शिक्षकाने लेखनाचा सराव वाढवला आणि तरीही चुका कमी झाल्या नाहीत, तर चुकलेले शब्द वेगळे काढताना त्याला असे दिसू शकते की घरी वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलांनी ते शब्द कधी ऐकलेलेच नव्हते; अडचण हाताची नसून ओळखीची होती. हे कळलेला शिक्षक बदलतो, आणि तेच निरीक्षण तो केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे परिसरातील शाळांच्या शिक्षकांच्या नियमित बैठकीत, मांडतो तेव्हा नेतृत्व सुरू होते. मुख्याध्यापकाची खुर्ची सेवाज्येष्ठतेने मिळू शकते. सहकाऱ्यांनी प्रश्न घेऊन जवळ येणे मात्र तिच्यातून येत नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसमोर अनुताई वाघ यांचे उदाहरण ठेवणे अटळ आहे. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडक यांच्याबरोबर बोर्डीच्या बालशिक्षण कार्यात आल्या, पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत राबल्या, आणि हे सारे चालू असतानाच पन्नाशी ओलांडल्यावर, १९६१ मध्ये, बी. ए. झाल्या. त्या वयात त्या पदवीवाचून त्यांचे काही अडत नव्हते. शिकणे हा त्यांच्या शिकवण्याचाच भाग होता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. हे तास प्रमाणपत्रांचे छायाचित्र गटावर टाकण्यात संपणार असतील तर ते न भरलेले बरे. विद्यापीठांनी सोनेरी अक्षरांची बांधणी बंद करावी, प्रबंधासोबत मुलांच्या मूळ वह्या मागवाव्यात, फसलेल्या उपायाच्या प्रामाणिक नोंदीला पूर्ण गुण द्यावेत, आणि मार्गदर्शकाने स्वाक्षरी करण्यापूर्वी एकदा तरी त्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसावे.